शहराच्या उजेडात उल्का कशी सापडते?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. जिथे आकाशगंगा सोडाच, पण चौथ्या प्रतीचे, म्हणजे अंधाऱ्या आकाशात साध्या डोळ्यांना सहज दिसणारे, तारेही धड दिसत नाहीत, अशा शहरी आकाशातून, तेही घरामागच्या अंगणातून, उल्का आणि उपग्रह यांचे चित्रीकरण होते तरी कसे, असे मला अनेकजण विचारतात.

उजेडाची अडचण खरी आहे. पण ती छायाचित्राला जेवढी भोवते, तेवढी चित्रीकरणाला भोवत नाही. तारा जवळजवळ जागच्या जागी असतो, म्हणून शटर जितका वेळ उघडे ठेवाल तितका त्याचा प्रकाश साचत जातो. उल्केचे तसे नाही. ती बहुधा सेकंदभराच्या आतच संपते आणि सेन्सरच्या कोणत्याही एका बिंदूवर क्षणांशापेक्षा अधिक थांबत नाही. त्यामुळे शटर ३० सेकंद उघडे ठेवले तरी तिची रेघ तसूभरही उजळ होत नाही, उलट तेवढ्या वेळात शहराचा उजेड साचून ती रेघ त्यात बुडून जाते. म्हणून मी सेकंदाला २५ फ्रेम घेणारा संवेदनशील व्हिडिओ कॅमेरा आणि भरपूर प्रकाश आत घेणारी, एफ/१.४ची रुंद कोनाची लेन्स वापरतो. प्रत्येक फ्रेममध्ये आकाश करडे राहते, पांढरे होत नाही, आणि आधीच्या फ्रेममध्ये नसलेला ठिपका संगणकाला लगेच ओळखता येतो.

दुसरा लाभ मला याहून मोलाचा वाटतो : चित्रीकरणात वेळही नोंदला जातो. सकाळी मी रात्रभराच्या फ्रेम एकावर एक रचून प्रत्येक बिंदूची सर्वांत उजळ नोंद तेवढी ठेवतो. त्या एका चित्रात विमानांच्या तुटक ठिपक्यांच्या रांगा असतात, उपग्रहांच्या लांब, एकसारख्या रेघा असतात आणि मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती अशी एखादी उल्का असते. पण अवकाशात कोलांट्या खाणारा निकामी उपग्रह क्षणभर लखकन चमकतो, तेव्हा त्याची छोटी रेघ उल्केसारखीच दिसते. अशा वेळी एकेक फ्रेम मागेपुढे करून पाहावी लागते. उल्का फ्रेमागणिक झेप घेत पुढे जाते, तर उपग्रह तेवढ्या वेळात जेमतेम सरकलेला असतो. जळत खाली येणारा अवकाशकचराही असाच ओळखता येतो : त्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आतच असतो, आणि उल्का मात्र ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते.

रात्रीचे प्रहरही उपग्रह आणि उल्का या दोघांनी जणू वाटून घेतले आहेत. उपग्रह स्वतः प्रकाशत नाही, त्यामुळे खाली अंधार आणि वर ऊन अशी स्थिती असताना, म्हणजे मुख्यतः संध्याकाळनंतर आणि पहाटे, तो दिसतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरताना काही सेकंदांत तांबूस होत विझत जाते. मला ते दृश्य कितीदाही पाहिले तरी पुरत नाही. उल्का मात्र मध्यरात्रीनंतर वाढतात, कारण तेव्हा आपली बाजू पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला वळलेली असते आणि समोरची धूळ आपल्यावर येऊन आदळते.

पहिला प्रयत्न कोणत्या रात्री करावा, असे विचाराल तर मी १३-१४ डिसेंबरची रात्र सुचवेन. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचे नाव मोठे आहे, पण त्याच्या उल्का सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटर वेगाने येतात. डिसेंबरच्या त्या रात्री दिसणाऱ्या, फेथन या लघुग्रहाच्या धुळीतून येणाऱ्या मिथुन उल्कांचा वेग सुमारे ३५ किलोमीटर असतो. त्या प्रत्येक बिंदूवर अधिक वेळ रेंगाळतात आणि म्हणून शहरातल्या कॅमेऱ्यालाही अधिक ठळक दिसतात. कॅमेरा जवळच्या दिव्यांकडे पाठ करून उंच कोनात रोखावा, एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर फोकस पक्का करावा आणि लेन्सवर दव साचू नये म्हणून तिला हलकी ऊब देणारी पट्टी गुंडाळावी. एवढी तयारी त्या रात्रीला पुरते.