बेसिसला घालू का? तुम्ही विचारलंत म्हणून

इंटेलमध्ये जॉब लागून कोणी ॲरिझोनातल्या चँडलरला यायला निघालं की घर, गाडी, उन्हाळा या सगळ्याच्या आधी मला एक प्रश्न येतो. ताई, बेसिसला ॲडमिशन मिळेल का, आणि ती खरंच अमेरिकेतली नंबर वन शाळा आहे का? पुण्याहून, नाशिकहून, बे एरियातून, कुठूनही फोन येऊ दे, प्रश्न हाच. फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं जातं आणि समोरच्याला फक्त "हो" किंवा "नाही" ऐकायचं असतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी नंबर वनचं. २०१७ साली यूएस न्यूज या नियतकालिकाच्या हायस्कूल रँकिंगमध्ये पहिले तीनही नंबर बेसिसच्या ॲरिझोनातल्या कॅम्पसना मिळाले, स्कॉट्सडेल पहिलं, आणि २०१८ मध्ये तर पहिले पाचच्या पाच बेसिसचे, त्यात आपलं चँडलरपण होतं. त्यानंतर रँकिंगचा फॉर्म्युला बदलला तरी बेसिसची नावं वरच्या यादीत असतातच. म्हणजे तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. पण तो नंबर नेमका कशाचा आहे हे कोणी सांगत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

बेसिस ही चार्टर शाळा. ॲरिझोनाने चार्टरचा कायदा १९९४ मध्ये केला, आणि मायकल आणि ओल्गा ब्लॉक या इकॉनॉमिस्ट जोडप्याने १९९८ मध्ये टूसॉनला पहिली बेसिस काढली. ओल्गा प्रागहून आलेल्या, तिकडच्या शाळांची सवय असलेल्या, आणि इथली मुलं गणित-सायन्समध्ये मागे का पडतात हा त्यांचा प्रश्न होता. २००३ मध्ये स्कॉट्सडेल सुरू झाली आणि मग एकेक कॅम्पस वाढत गेला. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा, फी शून्य, पण शाळा चालवणार डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) नाही तर वेगळी संस्था, राज्याच्या बोर्डाबरोबर करार करून. प्रवेश परीक्षा घेता येत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढायची, भावंडं आधीपासून शाळेत असतील तर त्यांना प्राधान्य. म्हणजे कागदावर दार सगळ्यांना उघडं आहे.

आता तो नंबर. २०१७-१८ च्या पद्धतीत आधी राज्याच्या परीक्षांचे निकष वगैरे लावून शाळा गाळून घ्यायचे, आणि ज्या उरल्या त्यांचा क्रम लागायचा कॉलेज रेडिनेस इंडेक्स नावाच्या एका आकड्यावर, तो आकडा म्हणजे बारावीतल्या किती टक्के मुलांनी निदान एक एपी किंवा आयबी परीक्षा दिली आणि किती टक्के त्यात पास झाली. (एपी म्हणजे कॉलेज लेव्हलचे कोर्स, परीक्षा मे महिन्यात, मार्क १ ते ५, तीन किंवा जास्त आले की पास धरतात. आयबी हा तसाच एक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम.) बेसिसमध्ये एपी घेतल्याशिवाय ग्रॅज्युएटच होता येत नाही, मग परीक्षा देणारे शंभर टक्के होणारच, आणि बारावीपर्यंत टिकलेली मुलं पासही होतात, म्हणून आकडा शंभर आला.

पण बघा, मोजतात ते बारावीतल्या मुलांना. समजा पाचवीत शंभर मुलं आली आणि बारावीपर्यंत पन्नास राहिली आणि त्या पन्नासच्या पन्नास एपी पास झाली, तरी स्कोअर शंभरच. गेलेली पन्नास त्या आकड्यात कुठेच नाहीत. हे उदाहरण माझं, समजायला सोपं म्हणून, पण बेसिसमध्ये खालचे वर्ग भरलेले आणि बारावीचा वर्ग खूप लहान हे चित्र खरं आहे आणि त्यावर भरपूर लिहून आलंय. आपल्याकडे जेईईच्या क्लासचे होर्डिंग असतात ना, रँकर्सचे फोटो मोठे मोठे, बॅचला एकूण किती बसले होते ते कुठे लिहिलेलं नसतं, तसंच आहे हे.

आणि मुलं जातात ती सगळी नापास होऊन जात नाहीत, हेही सांगायला हवं, कारण लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. सहावीपासून वर्षाच्या शेवटी कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा असते, ती पास झाल्याशिवाय पुढच्या वर्गात जाता येत नाही, त्या भीतीने काही जातात हे खरं. पण खूप मुलं आठवीनंतर जातात ती मार्चिंग बँडसाठी, फुटबॉलसाठी, मोठ्या हायस्कूलसाठी. माझा मुलगा त्यातलाच. मुलगी बेसिसमधून बारावी झाली आणि तिला ती शाळा अगदी मानवली, मुलाला ट्रम्पेट वाजवायचं होतं आणि तो डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला गेला, तिथेही एपी आहेतच की, त्याने घेतल्या. पण गेलेल्या मुलाची जागा वरच्या वर्गात सहसा नवीन मूल येऊन भरत नाही, कारण अभ्यासक्रम इतका पुढे गेलेला असतो की नववी-दहावीत बाहेरून येऊन पकडणं फार अवघड. म्हणून वर्ग आकसत जातो आणि शेवटी उरतात ती मुलं ज्यांना हे झेपतं आणि आवडतं. टूसॉनची युनिव्हर्सिटी हायस्कूल ही डिस्ट्रिक्टची पब्लिक शाळा आहे आणि ती सरळ प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडते. बेसिसमध्ये दारात निवड नाही, ती आत गेल्यावर वर्षानुवर्षं हळूहळू होत जाते. दोन्हीचे निकाल चांगले लागतात, यात आश्चर्य काय.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त जवळचा आहे. शाळेत येतं कोण?

ॲरिझोनाच्या पब्लिक शाळांमध्ये लॅटिनो मुलं साधारण ४५ टक्के आहेत आणि एशियन ३ टक्क्यांच्या आसपास. बेसिस चँडलरला गेलात तर उलटं दिसतं, निम्म्याहून जास्त मुलं एशियन आणि त्यात आपले देसी चिक्कार, पार्किंग लॉटमध्ये तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी सगळं ऐकू येतं. लॅटिनो मुलं अगदी थोडी. इंग्लिश शिकत असलेली मुलं, स्पेशल एज्युकेशनची मुलं, तीही राज्याच्या मानाने खूप कमी. कोणी त्यांना "येऊ नका" म्हणत नाही, कायद्याने म्हणताही येत नाही. पण स्कूल बस नाही. म्हणजे सकाळी सोडायला आणि दुपारी आणायला गाडी आणि मोकळा माणूस पाहिजे. सरकारी अनुदानातलं फुकट किंवा स्वस्त जेवण डिस्ट्रिक्टच्या शाळेत मिळतं, ते बेसिसच्या ॲरिझोनातल्या बहुतेक कॅम्पसवर नाही, डबा घरून. आणि टीचर्स फंडसाठी पालकांकडे मुलामागे वर्षाला १५०० डॉलर मागितल्याचं छापून आलेलं आहे, देणं ऐच्छिक, नाही दिलं तरी मुलाचं काही अडत नाही, पण ज्या घरात दोन शिफ्ट करून भाडं निघतं त्या घरातल्या आईने ते पत्र वाचून काय समजायचं?

मला याचं खरंच वाईट वाटतं, आणि आपल्या लोकांत हे बोललं की विषय बदलतो. हॉटेलात रूम साफ करणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव लॉटरीत आलं तरी ती रोज येणार कशी? लॉटरीत सगळ्यांना सारखा चान्स आहे हे बरोबर, पण चिठ्ठी टाकण्याआधीच अर्धे लोक गळलेले असतात, त्यांना फॉर्मची तारीखच माहीत नसते. पैसा पब्लिकचा आहे, त्या बाईच्या टॅक्समधूनही येतो. मग "आमची मुलं हुशार म्हणून शाळा हुशार" असं जेव्हा आपल्या पार्टीत कोणी म्हणतं तेव्हा मी गप्प बसत नाही. आपली मुलं ज्या घरात वाढतात तिथे दोन्ही पालक इंजिनीअर, तिसरीपासून कुमॉन नाहीतर रशियन मॅथचा क्लास, रात्री जेवणाच्या टेबलावर बाबा फ्रॅक्शन समजावतोय. हे सगळं शाळेच्या स्कोअरमध्ये जमा होतं आणि कौतुक एकट्या शाळेचं होतं.

मग गरीब घरातली मुलं घेऊन चार्टर हायस्कूल चांगलं चालूच शकत नाही का? चालतं. सॅन डिएगोला यूसीएसडी या युनिव्हर्सिटीच्या आवारात प्रॉइस स्कूल आहे, १९९९ मध्ये सुरू झालेली, सहावी ते बारावी, तीही चार्टरच. तिथे नियमच असा की घरचं उत्पन्न कमी हवं आणि आईवडिलांपैकी कोणी चार वर्षांचं कॉलेज पूर्ण केलेलं नको, आणि मग त्यातून लॉटरी. न्यूजवीकने २०११ पासून सलग तीन वर्षं मुलांचं आयुष्य बदलणाऱ्या शाळांच्या यादीत तिला पहिली ठेवली. मला तिथली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लॉटरीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची तुलना करून अभ्यास झाला होता, म्हणजे दोन्हीकडे हौशी पालक, दोन्हीकडे तशाच घरची मुलं, फरक फक्त चिठ्ठीचा. त्यात टेस्टच्या मार्कांत म्हणावा तसा फरक दिसला नाही, पण कॉलेज प्रवेशाला लागणारे कोर्स पूर्ण करणं आणि प्रत्यक्ष चार वर्षांच्या कॉलेजला जाणं यात प्रॉइसची मुलं पुढे होती. शाळेने काय केलं हे बघायचं तर असं बघावं लागतं. बेसिसच्या रँकिंगमधून हे कळतच नाही, कारण तिथे शाळेचं काम किती आणि घरचं किती हे वेगळं काढायची सोय नाही.

सरसकट "चार्टर चांगलं" किंवा "चार्टर वाईट" याला तर काहीच अर्थ नाही. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या क्रेडो या संशोधन ग्रुपच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या पब्लिक शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के खराब, आणि बाकीच्यांत फरक नाही. २०२३ च्या त्यांच्याच अभ्यासात चित्र चार्टरच्या बाजूने थोडं सुधारलेलं होतं. एकेक शाळा बघायची, दुसरा रस्ता नाही.

आता बेसिसमध्ये खरंच काय चांगलं आहे ते सांगते, नाहीतर वाटेल ही नुसती विरोधातच बोलते. सहावीपासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी वेगळे विषय, वेगळे शिक्षक, आपल्याला हे घरचंच वाटतं पण इथल्या मिडल स्कूलमध्ये सहसा एकच सायन्स असतं. शिक्षक त्या विषयातले, ॲरिझोनात चार्टरला टीचिंग सर्टिफिकेटची सक्ती नाही त्यामुळे विषयात मुरलेली पण बीएड टाइप काही न केलेली माणसंही शिकवायला येतात, यातून काही जबरदस्त शिक्षक मिळतात. प्रत्येक मुलाकडे सीजे म्हणजे कम्युनिकेशन जर्नल, त्यात रोजचा होमवर्क मुलाने स्वतः लिहायचा, माझ्या मुलीला वेळेचं भान आलं ते या वहीमुळे. शाळा सुटल्यावर शिक्षक स्टुडंट अवर्सना थांबतात, जाऊन शंका विचारायच्या. आणि बारावीच्या शेवटच्या ट्रायमेस्टरला (वर्षाच्या तीन भागांपैकी शेवटच्या) सीनियर प्रोजेक्ट, म्हणजे शाळेबाहेर कुठल्यातरी लॅबमध्ये किंवा संस्थेत जाऊन स्वतःचं संशोधन, शेवटी सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. मुलीने त्या काही महिन्यांत जे शिकलं ते कुठल्याच एपीत नव्हतं. आणि वर्गात अभ्यास करणं हे लपवायची गोष्ट नसते, पुस्तकवेड्या मुलांसाठी हे फार मोठं सुख आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण ज्या मुलाला हळू शिकायला आवडतं, हाताने काही करायला आवडतं, मैदान लागतं, त्याला नुसतं रँकिंग बघून तिथे घालू नका हो. चँडलर युनिफाइड या इथल्या डिस्ट्रिक्टची मोठी हायस्कूल्स चांगली आहेत, हॅमिल्टनसारखी हजारो मुलांची शाळा, तिथे एपी आहेत, ऑर्केस्ट्रा आहे, ऑटो शॉप म्हणजे गाडी दुरुस्ती टाइपचे कोर्स आहेत, आणि डिस्ट्रिक्टची स्वतःची ॲरिझोना कॉलेज प्रेप पण आहे. इथे ओपन एनरोलमेंट असल्याने आपल्या झोनबाहेरच्या शाळेतही अर्ज करता येतो. आणि शेवटी एएसयूच्या (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये ही सगळीकडची मुलं शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

तर तुमचं उत्तर. अर्ज जरूर भरा, फुकट आहे, लॉटरी लागली तर नाही म्हणायचा हक्क तुमचाच. मधल्या काळात राज्याच्या एज्युकेशन डिपार्टमेंटच्या साइटवर एक ऑक्टोबरची पटसंख्या असते, शाळावार, इयत्तावार, वंशावार, ती उघडा आणि एकाच वर्षीची पाचवी आणि बारावी बघू नका, आजची बारावी सात वर्षांपूर्वी पाचवीत किती होती ते बघा. काही रकान्यांत आकड्याऐवजी फुली दिसेल, म्हणजे तिथे मुलं इतकी कमी आहेत की आकडा छापत नाहीत, कुठल्या गटापुढे फुली आहे तेही बघा. मग इन्फो सेशनला जाऊन सरळ विचारा की गेलेली मुलं कधी गेली आणि का गेली, अडखळणाऱ्या मुलाला तुम्ही काय मदत करता, स्पेशल एज्युकेशनचे शिक्षक किती आहेत. आणि तुमच्या मुलीला शॅडो डे (म्हणजे एक दिवस त्या शाळेतल्या मुलांबरोबर वर्गात बसून बघणं) मिळत असेल तर पाठवा, तुमच्याशिवाय, आणि संध्याकाळी तिचं म्हणणं पूर्ण ऐका, मध्ये रँकिंग आणू नका.