कोल्हापूर–नागपूर, सिममधून (संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधून): अंतर सुटलं, आता वेळेचा हिशोब

मंडळी, कोल्हापूर–नागपूरचं हवाई अंतर पक्कं झालं: ३७९ नॉटिकल मैल (पुढे नुसतं मैल), म्हणजे ७०० किलोमीटरच्या किंचित वर. कागद-पेन पुरतं. उजळाईवाडीचा (कोल्हापूर विमानतळ) अक्षांश १६.६६, सोनेगावचा (नागपूर विमानतळ) २१.०९. फरक ४.४३ अंश, अंशाला ६० मैल, झाले २६६. रेखांशातला फरक ४.७६ अंश, पण उत्तरेला सरकावं तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (०.९४६) गुणायचं: २७०. मग शाळेतला पायथागोरस. गोल पृथ्वीचं पूर्ण सूत्र लावलं तरी एवढ्या पल्ल्यात किलोमीटरभरही फरक पडत नाही.

दोन्ही बाजू जवळपास सारख्या, त्यामुळे दिशा नाकासमोर ईशान्य. नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ जवळपास पंढरपूरवरूनच जाते, परळी डाव्या हाताला ठेवून गंगाखेडला गोदावरी ओलांडते, पुढे यवतमाळ डावीकडे सोडून वर्ध्याजवळून नागपूर. परळी–गंगाखेडच्या मध्ये बरोबर अर्धी वाट संपते. सिममध्ये चंद्रभागेचं वळण झकास ओळखू येतं; विठोबाचं देऊळ मात्र शेजारच्या वाड्यांसारखंच एक ठोकळा! महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत दिवस-रात्र धावते, तिच्यापुढे ही रेघ फारच सरळ.

खरी गंमत वेळेत आहे. विमान पंख्यांचं एटीआर ७२-६००, क्रूझ (वर सरळ उडतानाचा वेग) २७० नॉट, म्हणजे तासाला २७० मैल, धरला. भागाकार सांगतो ८४ मिनिटं. वारा शून्य ठेवूनही चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत ९५ च्या आसपास लागतात. चढताना वेग दोनशेच्या घरात असतो, तिथे चारेक मिनिटं जास्तीची जातात. उरलेली दोन्ही टोकांच्या वळणांत आणि शेवटच्या संथ टप्प्यात. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे एका बाजूने ७० अंशांकडे (जवळपास पूर्वेला), उलट बाजूने २५० अंशांकडे तोंड. ०७ वरून सुटलात तर थोडं डावीकडे वळलं की काम झालं. २५ मिळाली तर आधी पश्चिमेला जाऊन जवळजवळ पाठ फिरवावी लागते. नागपूरची १४/३२ आपल्या वाटेला आडवी, म्हणजे कुठल्याही बाजूने उतरा, काटकोनात वळणं आलंच. टॅक्सीची (जमिनीवर विमान चालवण्याची) दहा मिनिटं धरून ब्लॉक टाइम, म्हणजे जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, पावणेदोन तास लिहितो.

आता वारा. ४० नॉटचा पश्चिम वारा दिला. आपली वाट ईशान्येची, म्हणून त्यातला सत्तर टक्केच पाठीशी लागतो, २८ नॉट. जाताना क्रूझचं गणित ७६ मिनिटं, येताना ९४. एकाच पल्ल्यात १८ मिनिटांचा फरक! आणि विमान वाऱ्याच्या तोंडी उडवतात, म्हणून खाली वारा पश्चिमेचाच असेल तर कोल्हापुरातून २५ वरूनच सुटावं लागतं, म्हणजे वर जो मदत करणार तोच आधी उलट्या दिशेला पाठवतो.

उंचीचं लक्षात ठेवा: जाताना पूर्वेकडचा कोर्स, म्हणून विषम हजार फुटांची लेव्हल, मी १९० (१९,००० फूट) घेतो; येताना सम, १८० किंवा २००. डिसेंट (खाली उतरणं) हजार फुटांना तीन मैल या हिशोबाने पन्नासेक मैल आधी, म्हणजे यवतमाळ डावीकडे मागे पडलं की सुरू करतो.

पुढच्या खेपेला हाच मार्ग एम्ब्रेअर १७५ या जेटने. वेग दीडपटीहून जास्त, पण माझा अंदाज की ब्लॉक टाइम सव्वा तासाच्या खाली काही येणार नाही. कोणी आधीच उडवलं असेल तर वारा कुठल्या महिन्याचा होता तेही लिहा, नुसते आकडे टाकू नका.