ऑइल बघितलंस का?

आप्पांचा फोन आला की पहिला प्रश्न जेवलास का, आणि दुसरा ऑइल बघितलंस का. गाडीच्या ऑइलचा हा दुसरा प्रश्न २०१४ च्या मे महिन्यापासून सुरू झालाय आणि त्याला कारण मीच, त्यामुळं गप ऐकून घ्यावं लागतं.

आप्पांची २००३ ची स्प्लेंडर मी पुण्याला आणली होती. काम चाकणला, रूम भोसरीत, आणि एक शनिवार सोडून साताऱ्याकडच्या कोरेगावला घरी. गाडी कधी नाही म्हणाली नाही, पावसात एका किकला चालू, ॲव्हरेज विचारू नका. हिरो होंडाची सीडी १०० साठी ती प्रसिद्ध जाहिरात होती ना, फिल इट शट इट फरगेट इट, ती पेट्रोलची गोष्ट होती पण आम्ही ती ऑइललाही लावून टाकली.

त्या शनिवारी मित्राला मागं बसवलं, दोघांच्या बॅगा, डोक्यावर ऊन, आणि शिरवळपर्यंत ७५-८० ने पिळत आणली. खंबाटकी घाट चढायला लागलो तर आधी इंजिनच्या हेडमधून टकटक, मग पिकअप गेला, म्हणलं चढ आहे म्हणून असेल (माणूस स्वतःला काय काय समजावतो बघा), आणि वरच्या एका वळणावर मागचं चाक कचकन धरलं. क्लच दाबला गेला म्हणून पडलो नाही. बाजूला घेऊन किक मारायला गेलो तर किक दगड. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, काढली, कोरडी ठणठणीत.

आता लाजेची गोष्ट अशी की मी ऑइल चेक केलं होतं, तीन आठवड्यांपूर्वीच, आणि ते खालच्या खुणेच्या जरा वर दिसलं म्हणून निवांत होतो. चेक चुकीचं केलेलं. या गाडीची डिपस्टिक पुसून परत घालताना आटे फिरवायचे नसतात, नुसती भोकावर टेकवायची आणि उचलून बघायची, गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोनतीन मिनिटं चालवून बंद केल्यावर थोडं थांबून. मी दर वेळी मस्तपैकी आवळून काढायचो, म्हणजे काडी आट्यांएवढी जास्त खोल जायची आणि नसलेलं ऑइल असल्यासारखं दिसायचं. हे मला मिस्त्रीनं सांगितलं, इंजिन खोलून समोर फडक्यावर मांडल्यावर.

पिस्टनवर उभे ओरखडे, बोअर (पिस्टन ज्यात पळतो ते भोक) गेलेला, हेडमधले व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आणि कॅम खाल्लेले. हेडचं नुकसान जास्त होतं आणि ते साहजिक आहे, पंप खाली क्रँककेसमधे, कॅम पार दुसऱ्या टोकाला, तेल कमी पडलं की पहिला उपाशी तोच. आणि एकूण तेल ते किती, इनमीन लिटरभर, त्यातच क्रँक, कॅम, क्लच, गिअर सगळ्यांचा संसार. कागदी फिल्टर नाही, फक्त एक जाळी आणि घाण बाहेर फेकणारा फिरता फिल्टर. पार्ट कमी, खर्च कमी, बिघडायला काही नाहीच. फक्त ते लिटरभर तेल पाहिजे.

त्यानंतर मला आकड्यांचा नाद लागला. आपण म्हणतो स्प्लेंडर टिकते कारण तिला ताकदच नाही, तर हिशोब बघा. ९७.२ सीसीतून साधारण साडेसात हॉर्सपॉवर, म्हणजे इंजिनच्या दर लिटर आकारामागं ७७. जुनी कास्ट आयर्न बुलेट ३४६ सीसीतून १८, म्हणजे लिटरमागं ५२. म्हणजे खरी आळशी बुलेट आहे, स्प्लेंडर नाही! फक्त स्प्लेंडरची ती साडेसात निघते ८००० आरपीएमला, आणि तिला घेणारा माणूस दूध घालायला, शाळेवर, बँकेत ४५ ने जातो, तिथं इंजिन निम्मंही वापरलं जात नाही. आप्पांनी अकरा वर्षं तशीच चालवली. मी तेच इंजिन दोन माणसं घेऊन हायवेला तासन् तास मुठीच्या शेवटाला धरलं, रिंगा आधीच म्हाताऱ्या, ऑइल प्यायला लागली तर नवल काय.

दुसऱ्या टोकाला आमच्या चाकणलाच बनणारी केटीएमची ३९० ड्यूक, तेव्हाची. ३७३ सीसी, म्हणजे बुलेटपेक्षा जेमतेम २७ सीसी जास्त, आणि ताकद ४३ हॉर्सपॉवर. ही जादू नाय, बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६०, बुलेटचं बरोबर उलटं, ७० आणि ९०. स्ट्रोक आखूड म्हणून ९००० आरपीएमला पळू शकते, रुंद पिस्टनवर चार व्हॉल्व्ह मावतात, पण मग दोन कॅम आले, रेडिएटर आला, पंखा, कूलंट, होसपाइप. स्प्लेंडरचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप, ०.०५ मिमीला सेट करायला एक पाना, एक फीलर गेज आणि थंड इंजिन पुरतं. ड्यूकला त्याच गॅपसाठी शिम, म्हणजे बारीक चकत्या, बदलायच्या. ड्यूकवाल्यांनो चिडू नका, मलाही हवीये ती.

आणि आमचे मामा. त्यांची कास्ट आयर्न बुलेट खाली कायम पत्र्याचा डबा ठेवून उभी, कारण मामांनी ती स्वतः खोलली आणि तीच जुनी पॅकिंगं परत बसवली. इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लचच्या चेनकेसचं वेगळं. पुशरॉड थंड इंजिनवर बोटानं फिरतात का बघा, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप बघा. मामा रोज सकाळी चहाआधी डबा बघतात, जास्त थेंब दिसले की लगेच वरून तेवढं ओततात, आणि ते इंजिन एकदाही जाम झालेलं नाही. गळणाऱ्या गाडीनं त्यांना रोज आठवण केली आणि माझी कोरडी, स्वच्छ, शहाणी गाडी शेवटपर्यंत गप्प राहिली. मामा हे प्रत्येक लग्नात सांगतात.

एक मात्र सांगतो, घाबरून मी नंतर मित्राच्या कारचं उरलेलं भारी सिंथेटिक ऑइल ओतायला निघालेलो, मिस्त्रीनं हात धरला. "भाऊ, क्लच याच तेलात बुडलाय, घसरंल." कारच्या बऱ्याच तेलात घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, ती ओल्या क्लचला चालत नाहीत. डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बघून घ्या. एमबी स्कूटरचं.

बोअर मारून ०.२५ चा ओव्हरसाइज पिस्टन टाकला, हेडचं काम, सगळं मिळून तेव्हा चार हजाराच्या वर गेले. गाडी अजून आहे. परवा आप्पांना म्हणलं ऑइल बघितलं, टेकवून बघितलं, तर म्हणाले, "फोन इंजिनपाशी धर बरं, आणि चालू कर." धरला. थोडा वेळ पलीकडं शांतता.

"टायमिंग चेन वाजतीय. उद्याच दाखव."