तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धं धर्मापायीच होतात का?

रविवारी पुण्यातनं ग्रुप घेऊन पुरंदरला गेलो की उतरल्यावर नारायणपुरात चहा होतो आणि चहाबरोबर हा प्रश्न हमखास येतो, सर, जगातली सगळी युद्धं धर्मापायीच झाली ना? आधी मी "हो, बऱ्यापैकी" म्हणून सुटायचो, कारण अंधाराच्या आत स्वारगेट गाठायचं असायचं. आता नीट सांगतो.

ज्या गडावरनं आत्ता उतरलो त्याचंच घ्या की. १६६५ चा वेढा, मुरारबाजी पडले तो. औरंगजेबानं पाठवलेला सेनापती कोण, तर मिर्झाराजे जयसिंग, राजपूत, हाताखाली दिलेरखान. आणि सभासदाची बखर सांगते की शिवाजी महाराजांवर विजय मिळावा म्हणून मिर्झाराजांनी चारशे ब्राह्मण बसवून कोटिचंडीचं, म्हणजे देवीचं, अनुष्ठान केलं. इकडे महाराज भवानीचे भक्त, म्हणजे दोन्हीकडनं साकडं देवीलाच! इथं टपरीवर एकदम शांतता होते. पुढे तह झाला, २३ किल्ले गेले, १२ राहिले, सगळा हिशोब मुलखाचा आणि होनांचा.

दुसरी गोष्ट पुणेकरांना जरा टोचते. १७९१ मध्ये टिपू सुलतानावरच्या स्वारीत पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी, म्हणजे लुटीवर जगणाऱ्या टोळ्यांनी, शृंगेरीचा मठ लुटला, शंकराचार्यांचा, आणि मठ परत उभा करायला पैसे पाठवले टिपूनं. म्हणून टिपू संत होत नाही हां, कुर्ग-मलबारातली जबरीची धर्मांतरं पण त्याचीच. मी दोन्ही सांगतो त्यामुळे दोन्हीकडचे माझ्यावर नाराज.

युरोपातही तेच. १६१८ ला सुरू झालेलं तीस वर्षांचं युद्ध कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट म्हणून आपण पाठ करतो, पण १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूनं, आणि फ्रान्सचा कारभार बघत होता रिशेल्यू, स्वतः कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा कॅथलिक धर्मगुरू! कारण स्पेन-ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या, कॅथलिकच असलेल्या हॅब्सबर्ग घराण्यानं फ्रान्सला चारी बाजूंनी आवळलेलं ना.

मागे एक आयटीवाला मुलगा म्हणाला, म्हणजे धर्म नुसता बहाणा. तेही नाही पटत मला. पहिलं क्रुसेड घ्या, १०९५ मध्ये पोपनं जेरुसलेम मुसलमानांकडनं घ्यायची हाक दिली आणि लोक जमिनी विकून, गहाण टाकून जेरुसलेमला निघाले, तीन-चार वर्षांची फरफट, वाटेत उपासमार, आणि १०९९ ला शहर पडल्यावर आतल्या लोकांची कत्तल केली. नुसत्या लुटीसाठी एवढं कोण सोसतं? मला वाटतं लढाई काढणाऱ्याचं गणित वेगळं आणि पहिल्या रांगेत मरणाऱ्याचं वेगळं, आणि हा दुसरा मनापासून मानत असतो म्हणून तर पहिल्याचं फावतं. शिवाय किल्ले २३ आणि १२ असे वाटून घेता येतात, जेरुसलेम कसं वाटणार?

एवढं झाल्यावर परवा एका काकूंनी विचारलं, त्या चारशे ब्राह्मणांना दक्षिणा मिळाली का हो? मिळाली, बखरीत तेही आहे.