गाडी उभीच आहे, मग विमा कशाला?

माझा एक माजी विद्यार्थी विम्याचा एजंट आहे. दहावीला गणितात तो काठावर पास झाला होता आणि पेपर मीच तपासले होते. तरी त्याच्या हिशेबावर विश्वास ठेवला, म्हणजे खरा दोष माझाच.

गोष्ट जुलै २०२३ ची. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नाशिकहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला निघालो होतो, सहा महिन्यांसाठी. लोणच्याच्या बरण्या, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, बॅगेचं २३ किलोचं वजन, या सगळ्यात माझं डोकं गेलेलं. शेवटच्या आठवड्यात आठवलं की गाडीचा विमा १४ सप्टेंबरला संपतोय. एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, गाडी उभीच तर राहणार आहे. चालवणारच नाही तर भरता कशाला? आल्यावर करू ना."

ऐकायला किती बरोबर वाटतं! वापरत नाही त्याचे पैसे भरायचे नाहीत. दूधवाल्याला आपण हेच सांगतो, पेपरवाल्यालाही. म्हटलं ठीक आहे.

आमच्या घरात गाडी मी चालवते, हे नाही चालवत. ह्यांनी एकदा १९९४ साली मित्राची फियाट शरणपूर रोडच्या दुभाजकावर चढवली, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. वॅगनआर माझी, २०१७ च्या सप्टेंबरात घेतलेली, एमएच-१५. सहा वर्षांत एकही क्लेम नाही. त्यामुळे नो क्लेम बोनस पूर्ण ५० टक्क्यांवर पोचलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्याच्या वर जात नाही. ही सूट हप्त्याच्या फक्त एका भागावर असते, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीच्या भागावर नाही. तो दर सरकार ठरवतं, हजार सीसीच्या आतल्या गाडीला तेव्हा २,०९४ रुपये.

किल्ली समोरच्या वहिनींकडे ठेवली. त्यांचा मुलगा तेव्हा नुकताच इंजिनिअरिंगला गेला होता, हातात ताजं लायसन्स. "दर दहा दिवसांनी चालू करून कॉलनीला एक चक्कर मार रे, बॅटरी उतरते," एवढं सांगितलं आणि निघालो.

नातू ऑगस्टमध्ये झाला. सप्टेंबर कधी आला आणि गेला, मला कळलंही नाही.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी वहिनींचा व्हिडिओ कॉल. त्या काही बोलायच्या आधीच कॅमेरा गाडीकडे वळवलेला. आमच्या कंपाउंडला लागून जो गुलमोहर आहे, त्याची मांडीएवढी जाड फांदी गाडीवर आडवी. मागची काच भुगा झालेली, टपाला खोलगट पोचा, आणि मागच्या सीटवर पाणी, पाकळ्या आणि एक कावळ्याचं घरटं. अंडी नव्हती, बरं झालं. गाडी पूर्णपणे उभी होती. कोणी हातही लावला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की उभ्या गाडीला काही होत नाही हे आपण कशावरून ठरवलं? फांदी, आग, चोरी, पूर, दंगल, या सगळ्या गोष्टी उभ्या गाडीलाच आधी गाठतात. आम्ही गंगापूर रोडला उंचावर आहोत. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं की त्यांच्या पार्किंगमध्ये काय होतं ते त्यांनी २०१६ ला आणि २०१९ ला पाहिलेलं आहे.

पण फांदी हा त्यातला स्वस्त भाग होता. जानेवारीत परत आले, तेव्हा चहा पिता पिता वहिनी सहज म्हणाल्या, "दिवाळीत माझे भाऊ-भावजय आले होते ना, तर तुमच्या गाडीनेच त्यांना नाशिकरोड स्टेशनला सोडलं हो. मागच्या काचेला प्लास्टिक चिकटवलं होतं." माझ्या घशात चहा अडकला. दिवाळी म्हणजे नोव्हेंबर. विमा सप्टेंबरात संपलेला. द्वारका सर्कलला कुणाला धक्का लागला असता तर? विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळेचा दंड दोन हजार, तो मी हसत भरला असता. पण माणूस जखमी झाला किंवा गेला, तर भरपाईचा दावा गाडीच्या मालकावर येतो, आणि मालक मी. एका निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनमधून ती रक्कम किती वर्षं फेडायची, हे गणित मी मुद्दामच केलं नाही. वहिनींना काही बोलले नाही. किल्ली मीच दिली होती, आणि विमा संपलाय हे सांगितलं नव्हतं.

आता हिशेब. २७ जानेवारी २०२४ ला मी नाशकात पोचले. विमा संपून १३५ दिवस झालेले. नियम असा की मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं तर बोनस शाबूत राहतो, नंतर शून्य. माझे ९० दिवस १३ डिसेंबरला भरले होते, नातवाच्या बारशाचे फोटो मी सगळ्यांना पाठवत होते त्याच सुमारास. म्हणजे ५० टक्क्यांवरून थेट शून्यावर. त्यात खंड पडलेली पॉलिसी म्हणून आधी गाडीची पाहणी, आणि पाहणीला फुटकी काच चालत नाही म्हणून आधी दुरुस्ती. काच आणि टपाचं डेंटिंग-पेंटिंग धरून १७,४०० रुपये, सगळे खिशातून. बोनस नसल्यामुळे त्या वर्षी तीन हजार जास्त, वर १८ टक्के जीएसटी. आणि पुन्हा ५० ला पोचायला पाच वर्षं. फळ्यावर मांडून पाहिलं (घरात फळा आहे, हसू नका) तर बोनसचंच पाच वर्षांतलं नुकसान साडेसात हजार निघतं. वाचवायला गेले होते हप्त्याचे सहा हजार.

एजंट भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, पण तुम्ही तारीख विसरलात." हे मात्र खरं होतं.

मग मी पॉलिसीची ती मागची बारीक अक्षरांची पानं काढली. कोणीच वाचत नाही, मीही सहा वर्षं वाचली नव्हती. दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे आपली पॉलिसी भारतापुरती असते. जादा हप्ता भरला तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीवपर्यंत वाढते. मालदीवला वॅगनआर कशी नेतात हे मला आजवर उमगलेलं नाही. दुसरी, जुन्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे गाडीच्या विम्याच्या जुन्या नियमावलीपासून, चालत आलेलं ११ नंबरचं एक कलम, गॅरेजमध्ये ठेवून दिलेल्या, न वापरलेल्या गाडीसाठी. तेवढ्या काळापुरतं संरक्षण आवरून घ्यायचं आणि त्या बदल्यात सवलत मिळवायची, असा त्याचा ढोबळ अर्थ. मी कंपनीच्या काउंटरवर जाऊन त्याबद्दल विचारलं. तिथल्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू सोव्हिएत रशियाचा व्हिसा मागतेय. आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, असं कोणी घेत नाही." विषय संपला. तसंही माझ्या दारात गुलमोहर आहे, मला पूर्ण संरक्षणच हवं होतं.

हे सगळं त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी इथेच राहणार आहे. गाडी विकूनच जाणार असाल तर गोष्ट वेगळी. आमच्या कॉलनीतला एक मुलगा दोन वर्षांसाठी दुबईला गेला, त्याने जायच्या आधी गाडी विकली आणि कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं. ते तीन वर्षं चालतं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे परत आल्यावर नव्या गाडीला लावता येतो. ते पोरगं माझ्या हाताखालून गेलेलं नाही, तरी हुशार आहे.

दुसरी खेप नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५. या वेळी मी पक्की तयारी केली होती. नवी पॉलिसी १ फेब्रुवारी २०२५ च्या मध्यरात्री संपणार, ऑनलाइन भरायची, कॅलेंडरवर लाल गोल. निघताना इतक्या आधी नूतनीकरण होत नव्हतं, म्हणून तिकडूनच करायचं ठरवलं. माझं इकडचं सिम जुन्या फोनमध्ये घालून वहिनींच्या फ्रिजवर ठेवलेलं, ओटीपीसाठी.

१ फेब्रुवारीला शनिवार होता. सकाळी निवांत पोहे करत होते. मनात म्हटलं, आज रात्रीपर्यंत वेळ आहे, जेवणं झाल्यावर करू. कांदा परतताना एकदम चमकलं. मध्यरात्र कुठली? नाशिकची! सनीव्हेल हिवाळ्यात आपल्यामागे साडेतेरा तास. घड्याळात ९.४० झालेले, म्हणजे नाशकात रात्रीचे ११.१०. माझी मध्यरात्र सकाळी साडेदहालाच होणार होती. गॅस बंद केला, पोहे तसेच, लॅपटॉप उघडला. वहिनींना फोन. त्या झोपलेल्या. चौथ्या रिंगला उचलला.

"वहिनी, फ्रिजवरचा फोन बघा, आकडे आलेत का?"

"कसले आकडे? चष्मा कुठंय... थांबा हं."

ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक रोज बजावते, आणि मी सात समुद्रापलीकडून तो मोठ्याने वाचायला लावत होते. पहिल्या वेळी त्यांनी बिग बाजाराच्या कुठल्याशा जुन्या मेसेजमधला नंबर वाचला. दुसऱ्या वेळी ओटीपीची मुदत संपली. तिसऱ्या वेळी पैसे गेले. नाशकात ११.३८. पावती आली, तीत बोनस २० टक्के. मला ५० मिळाले तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

तिकडे मीही थोडी गाडी चालवली, म्हणून तेही लिहिते. पेठ रोडच्या आरटीओतून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना नेला होता, एक वर्षाचा. कॅलिफोर्नियात पाहुण्यांना आपल्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते, पण भाड्याची गाडी घ्यायला गेलं की हा परवाना मागू शकतात, म्हणून जवळ बरा. विमा मात्र वेगळा. तिकडे तो गाडीबरोबर असतो आणि घरात राहणारा प्रत्येक चालक कंपनीला सांगावा लागतो. जावयाने माझं नाव घालून घेतलं, महिन्याचा हप्ता वाढला, कारण तिकडच्या दृष्टीने माझा अनुभव शून्य. पस्तीस वर्षं द्वारका सर्कल पार केलेल्या बाईचा!

एक गोष्ट मात्र मला फार आश्चर्याची वाटली. कॅलिफोर्नियात नेमक्या १ जानेवारी २०२५ पासून सक्तीच्या विम्याची मर्यादा वाढली: एका जखमी माणसामागे १५ हजारांवरून ३० हजार डॉलर, एका अपघातामागे ६० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला १५ हजार. वाढून इतकंच, आणि तिथे दवाखान्यात दोन रात्री काढल्या तरी ३० हजार डॉलर संपू शकतात. जावयाने अर्थात कितीतरी जास्तीचं घेतलेलं आहे. आपल्याकडे ते २,०९४ रुपयांचं थर्ड पार्टी, त्यात माणूस जखमी झाला किंवा गेला तर विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादाच नाही. मालमत्तेच्या नुकसानीला तेवढी साडेसात लाखांची आहे. आपण त्या कागदाला पोलिसांना दाखवायची चिठ्ठी समजतो. मीही समजत होते.

आणि किल्ल्या. गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक वहिनींकडे, दुसरी या वेळी पर्समध्ये घेऊन गेले होते, पासपोर्टच्या कप्प्यात. वहिनींच्या मुलाने चालवलेली चालते, कारण लायसन्स आहे आणि माझी परवानगी आहे. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो मात्र माझ्यापुरता, त्याला नाही. हे त्याच्या आईला मी निघताना स्पष्ट सांगितलं. या वेळी सगळंच स्पष्ट सांगितलं होतं, अगदी पॉलिसीची तारीखसुद्धा.

निघण्यापूर्वी किलोमीटरही लिहून ठेवले होते: ४१,२८६. एप्रिलमध्ये परत आले, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. गाडी एका झटक्यात सुरू झाली. काचा स्वच्छ, टायरात हवा, आत डांबराच्या गोळ्यांचा वास, उंदरांसाठी ठेवलेल्या. सीट मात्र पार मागे सरकवलेली आणि रेडिओ इतका मोठा की मी दचकले. मग काट्याकडे पाहिलं. ४१,५३०. दर दहा दिवसांनी कॉलनीची एक चक्कर, पाच महिन्यांत पंधरा चकरा, एक चक्कर धरा दोन किलोमीटर. तीस झाले. उरलेले २१४ कुठे गेले?

त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन साधारण साठ होतात. म्हणजे तीन वेळा त्र्यंबक, आणि वर एखादी मिसळ.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला. "काकू, गाडी नीट आहे ना?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता दोन-दोन पायऱ्या चढून गेला.