पुढे चाल

या वर्षी गणपतीला मालवणला घरी पोचले, तेव्हा भाचीचं सुवर्णपदक टीव्हीमागे चार्जरच्या वायरींच्या गुंत्यात पडलं होतं. जिल्हास्तरीय शालेय मुष्टियुद्ध, १४ वर्षांची पोर, आयुष्यातलं पहिलं पदक. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते काढून दाखवायचे आणि ती दर वेळी परत तिथेच नेऊन टाकायची. कारण कळायला मला तीन दिवस लागले. तिच्या वजनगटात जिल्ह्यातून दुसरी मुलगीच आली नव्हती. वजन झालं, नाव पुकारलं, ही हेडगार्ड बांधून रिंगमध्ये एकटी उभी राहिली, पंचांनी हिचा हात वर केला, झालं. पुढे चाल.

"आत्या, मी कोणाला हरवलं ते सांग ना," मोदकाच्या पाऱ्या करता करता तिने विचारलं. मला काही सुचेना.

घरात या खेळावरून आधीच दोन तट. वहिनीला हा खेळ साफ नको. आईचं एकच पालुपद, "नाक फुटला तर लगीन कोण करतलो?" आबा नातीच्या बाजूचे. परसातल्या फणसाला जुन्या जाळ्याच्या दोरीने गोणी त्यांनीच टांगून दिलीय, आत भाताचं तूस आणि चिंध्या. खेळातलं त्यांना फारसं कळत नाही. सरांनी एकदा "पोरीचा पंच चांगला आहे" म्हटलं, तर आबा दोन दिवस विचारत होते, पंच आमच्या बाजूने कसा काय?

तर त्या रात्री, आरत्या आटोपून भजनी मंडळी उसळ-चहा घेऊन पुढच्या घरी गेल्यावर, खळ्यात बसून मी तिला आमच्या गावच्या पोरीची गोष्ट सांगितली. आमच्या म्हणजे ब्रेच्या.

ब्रे हे आयर्लंडमधलं समुद्राकाठचं गाव, डब्लिनहून किनाऱ्याच्या कडेकडेने जाणाऱ्या लोकलने पाऊण तास. मी तिथे राहते आणि डब्लिनमध्ये नर्स आहे. पहिल्यांदा तिथला किनारा पाहिला तेव्हा रडूच आलं होतं. वाळू नाही, नुसते गोटे. लाट मागे जाताना ते खळखळतात, आणि सुकटीच्या जागी तळलेल्या बटाट्यावर ओतलेल्या व्हिनेगरचा वास. बंदरात होड्यांमधून हंस फिरतात, हे तर आईला अजूनही खरं वाटत नाही.

त्याच बंदराजवळच्या क्लबात केटी टेलर घडली. जन्म १९८६ चा. वडील पीटर टेलर स्वतः बॉक्सर, तेच प्रशिक्षक. आई ब्रिजेटही या खेळात पंच. पण आयर्लंडमध्ये मुलींच्या लढतींना परवानगीच नव्हती. मग केस हेडगार्डमध्ये कोंबायचे, यादीत नाव 'के. टेलर' एवढंच, आणि मुलांशी खेळायचं. जिंकून हेडगार्ड काढलं की हॉलमध्ये गडबड.

"म्हणजे तिलापण समोर कोणी नव्हतं," भाची म्हणाली.

नव्हतंच. ३१ ऑक्टोबर २००१ ला डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधली बायकांची पहिली अधिकृत लढत झाली. केटी १५ वर्षांची. ती जिंकली, हे सगळे सांगतात. समोर अलाना ऑडली नावाची मुलगी होती, हे सांगायचं बहुतेकांच्या राहून जातं. ती त्या दिवशी आली नसती तर केटीलाही पुढे चालच मिळाली असती.

नंतरचा हौशी काळ मी भराभर उरकला, कारण तो जिंकण्याचाच आहे. (हौशी म्हटलं की आपल्याला नाट्यस्पर्धा आठवतात. इथे हौशी म्हणजे राष्ट्राच्या बनियनवर, डोक्याला संरक्षण लावून, स्पर्धा संपेपर्यंत दर एक-दोन दिवसांनी नवी प्रतिस्पर्धी.) केटी पहिल्यांदा जगज्जेती झाली ती दिल्लीत, २००६ साली. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण जिंकलं, हे ऐकल्यावर भाची सरसावून बसली. पुढे २००८, २०१०, २०१२, २०१४, अशी सलग पाच विश्वविजेतेपदं. मध्येच ही बाई आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉलही खेळली.

ऑलिंपिकची दारं मात्र बंद. पुरुषांचं मुष्टियुद्ध तिथे १९०४ साली आलं, बायकांचं यायला २०१२ उजाडलं, तेही फक्त तीन वजनगटांत. लंडनला ६० किलो गटाच्या अंतिम लढतीत केटीने रशियाच्या सोफिया ओचिगावाला १०–८ ने हरवलं. मेरी कोमचं ५१ किलोतलं कांस्य याच स्पर्धेतलं. तेव्हा पंच बटणं दाबून लागलेले ठोसे मोजायचे. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या आणि दोघींचे मिळून १८ गुण, म्हणजे एकेका ठोशाला किती किंमत ते बघा. ब्रेमध्ये जुनी माणसं त्या दिवसाबद्दल अशी बोलतात, जशी आपल्याकडची पालखी घरी आल्याबद्दल बोलतात.

मग २०१६. रिओला तिच्या कोपऱ्यात वडील नव्हते. उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडच्या मिरा पोत्कोनेनकडून हरली आणि पदकाविना परतली. तिशी गाठलेली. आपल्याकडे एव्हाना 'आता अकादमी काढ' म्हणाले असते. तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यावसायिक म्हणून पहिली लढत खेळली, अमेरिकेत कनेक्टिकटला जाऊन राहिली, नवा प्रशिक्षक घेतला.

व्यावसायिक खेळ वेगळाच. डोक्यावर काही नाही, ग्लोव्हज हलके, विजेतेपदाच्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या. लढत कोणाशी हे सोडतीवर ठरत नाही, ते लढती भरवणारे प्रवर्तक ठरवतात, आणि तिकिटं कोणाच्या नावावर खपतात हेही बघतात. विजेतेपदंही एक नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार संस्था, प्रत्येकीचा पट्टा निराळा. आबांना हे पटकन कळलं. शिमग्यात मान कोणाचा यावरून त्यांनी आयुष्यभर भांडणं ऐकलीयत. चारही मान एका घरात आले की 'निर्विवाद' विजेती. केटीने २०१७ साली कार्डिफला पहिला पट्टा घेतला आणि जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेल्जियमच्या डेल्फिन पर्सूनला हरवून चौथा. दोन पंचांनी ९६–९४ दिले (इथे ठोसे मोजत नाहीत, दर फेरीला दहापैकी गुण देतात), तिसऱ्याने बरोबरी. ती लढत पर्सूनने जिंकली असं म्हणणारे मला ब्रेमध्येसुद्धा भेटलेत, अर्थात हळू आवाजात.

मला स्वतःला अमांडा सेरानोबद्दल बोलायचं होतं. पोर्तो रिकोची, डावखुरी. ३० एप्रिल २०२२, तेच गार्डन, १९,१८७ माणसं, आणि त्या जागी बायकांची लढत पहिल्यांदा कार्यक्रमाची मुख्य लढत. पाचव्या फेरीत केटीला असा मार बसला की मी मोबाइल पालथा ठेवला. डोक्याला मार लागलेली माणसं मी रोज बघते, नंतर त्यांना नावं कशी आठवत नाहीत तेही बघते. त्यामुळे 'वाघीण', 'रणरागिणी' वगैरे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. हे मी भाचीलाही सांगितलं आणि वहिनीने पहिल्यांदा माझ्याकडे बरं बघितलं. मोबाइल परत उलटा केला तेव्हा केटी उभी होती आणि उलट मारत होती. दोन पंच तिच्या बाजूने, एक सेरानोच्या.

मे २०२३ मध्ये व्यावसायिक म्हणून ती पहिल्यांदा मायभूमीत खेळली आणि डब्लिनमध्येच शँटेल कॅमरूनकडून हरली. व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली हार, तीही घरच्यांसमोर. सहा महिन्यांनी त्याच हॉलमध्ये तिने कॅमरूनला हरवलं आणि वरच्या वजनगटातही निर्विवाद झाली. सेरानोशी पुन्हा दोनदा गाठ पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासला डोक्यावर डोकं आपटून सेरानोच्या डोळ्यावर मोठी जखम झाली, केटीचा एक गुण कापला गेला, तरी तिन्ही पंचांनी केटीला ९५–९४ दिलं. माझ्या हाती असतं तर मी ती लढत सेरानोला दिली असती, ब्रेमध्ये राहून लिहितेय तरी. तिसरी ११ जुलै २०२५ ला झाली, आमच्याकडे १२ ची पहाट. रात्रपाळी संपवून निकाल बघितला. तीही केटीनेच घेतली.

"तीनदा त्याच बाईशी?" आबांनी विचारलं.

"तिच्याएवढी दुसरी कोण सापडायला नको?" उत्तर भाचीने दिलं. उठली, आत गेली, आणि टीव्हीमागचं पदक काढून तिने गणपतीवरच्या माटवीखाली ठेवलं. का ते मी विचारलं नाही. सकाळी परसातून गोणीवर धप धप ऐकू येत होतं, आई नेहमीप्रमाणे कुरकुरत होती.

मी परत आल्यावर विभागीय स्पर्धा झाली, घाटावर. तिकडे प्रत्येक गटात मुली असतात. मी कामावर होते. सुटले तेव्हा वहिनीचे तीन कॉल येऊन गेलेले. धसका घेऊनच फोन लावला.

"ओठ फुटलाय," वहिनी म्हणाली. "बर्फ किती वेळ धरायचा?"

"दहा मिनिटं. कापडात गुंडाळून. टाके पडलेत का?"

"नाही. हरली. पण तिन्ही फेऱ्या खेळली म्हणे. फोनवर नुसती बडबडतेय, सुजलेल्या तोंडाने अर्धं कळत नाही."

मागून आबांचा आवाज आला, "समोरची खंयची होती, ता इचार गो आधी!"