तिरास्पोल : झेंडा मागच्या बाजूने बघावा

मोल्दोव्हाची राजधानी किशिनाव. तिथल्या मध्यवर्ती बाजाराला खेटून बसस्थानक आहे. तिरास्पोलच्या मिनीबस तिथूनच सुटतात. तिरास्पोल म्हणजे ट्रान्सनिस्ट्रियाची राजधानी : मोल्दोव्हातून फुटून स्वतःला वेगळा देश म्हणवणारा, पण जगाने मान्य न केलेला मुलूख. त्यांना ‘मार्शरुत्का’ म्हणतात. आपल्या वडापची जरा शिस्तीतली बहीण. भाडं मोल्दोव्हाच्या लेऊमध्ये, रोख. अंतर सत्तरेक किलोमीटर, पण मध्ये तपासणी नाका आहे, तेव्हा दोन तास धरून चालावं.

नाका बेंदेर शहराच्या अलीकडे येतो. मोल्दोव्हाच्या बाजूने पासपोर्टवर शिक्का पडत नाही, कारण किशिनावच्या लेखी पलीकडचाही मुलूख आपलाच. पलीकडचे लोक पासपोर्ट पाहून एक चिटोरं छापून देतात, एसटीच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. हेच तुमचं ‘मायग्रेशन कार्ड’. त्यावर परतीची वेळ छापलेली असते आणि ती खिडकीसमोरून हलण्याआधीच वाचायची. मुक्काम करणार असाल तर राहण्याचा पत्ता तिथेच सांगायचा, नाहीतर दिवसापुरतीच मुदत मिळते आणि रात्री हॉटेलात पोचल्यावर घोळ कळतो. चिटोरं पासपोर्टच्या आत ठेवा. शर्टाच्या खिशात ठेवलेलं हमखास चुरगळतं.

नाक्यावरच पहिला झेंडा दिसतो आणि पर्यटकांच्या फोटोंखालच्या चुका तिथूनच सुरू होतात. ‘सोव्हिएत युनियनचा झेंडा अजून फडकतोय!’ तो सोव्हिएत युनियनचा नाही. त्या झेंड्यात हिरवा कुठून आला? हा मोल्दोव्हाच्या सोव्हिएत प्रजासत्ताकाचा, 31 जानेवारी 1952 रोजी ठरलेला झेंडा. त्याआधीचा सगळा लाल होता, वर विळा-हातोडा आणि अक्षरं. 1952 मध्ये हिरवा पट्टा आला तो शेतीचा, म्हणजे इथल्या द्राक्षमळ्यांचा न् मक्याचा. मापं साधी आहेत. उंचीचे आठ भाग करायचे : तीन लाल, दोन हिरवे, तीन लाल. लांबी उंचीच्या दुप्पट. एक मीटर उंचीच्या झेंड्यात लाल पट्टे 37.5 सेंटिमीटरचे, हिरवा 25 चा. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात सोनेरी विळा-हातोडा, त्यावर सोनेरी कडेची लाल चांदणी.

आणि आता वारा फिरेपर्यंत थांबा. कापड उलटलं की मागे काहीच नाही. विळा नाही, हातोडा नाही, फक्त लाल-हिरवा-लाल. चिन्ह पुढच्याच बाजूला असायचं, हा इथल्या कायद्याचा नियम आहे. बिनचिन्हाचा झेंडाही गावात बराच दिसतो. तो दुसऱ्या कुणाचा समजू नका, हाच तो. (तलासरी-डहाणूकडचे लाल बावटे पाहिलेल्या माणसाची नजर आधी विळ्यावरच जाते, हे खरं. पण इथल्या भांडणात विळ्यापेक्षा हिरव्या पट्ट्याचं वजन जास्त.)

ते असं. 31 ऑगस्ट 1989 रोजी मोल्दोव्हात रोमन लिपीतली मोल्दोवन भाषा राजभाषा झाली. 27 एप्रिल 1990 रोजी निळा-पिवळा-लाल तिरंगा राष्ट्रध्वज झाला. हे रंग रोमानियाचेच. नीस्टर नदीच्या डाव्या काठावर कारखान्यांची गावं. मोल्दोवन, रशियन, युक्रेनियन अशी मिश्र वस्ती, व्यवहार रशियनमध्ये. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उजवा काठ रोमानियात होता, डावा नव्हता. त्यामुळे तिरंगा म्हणजे ‘उद्या रोमानियात विलीन’, असाच अर्थ इकडे लावला गेला. तिरास्पोल, रिब्निता आणि उजव्या काठावरचं बेंदेर इथल्या नगर सोव्हिएतांनी (म्हणजे नगरपरिषदांनी) तो लावायला नकार दिला आणि जुनाच ठेवला. 2 सप्टेंबर 1990 रोजी त्यांनी वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं, पण सोव्हिएत युनियनच्या आतलंच. थोडक्यात दावा असा, की खरं मोल्दोव्हा आम्ही, फुटून निघालात ते तुम्ही. हा दावा नव्या झेंड्याने करता आला नसता. जुनाच लागत होता, आणि त्यावर ‘मोल्दोव्हा’ सांगणारी एकच गोष्ट होती : हिरवा पट्टा.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो रीतसर स्वीकारला गेला. मग सोव्हिएत युनियनच संपलं. प्रजासत्ताकाच्या नावातून ‘सोव्हिएत समाजवादी’ हे शब्द नोव्हेंबर 1991 मध्येच गेले होते. झेंडा मात्र राहिला. मार्च ते जुलै 1992 युद्ध झालं. सगळ्यात वाईट दिवस बेंदेरचे, 19 जूनपासूनचे. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर गोळ्यांचे खळगे अजून ठेवले आहेत. भिंतीजवळ गेलात तर बोटाचं पेर सहज आत जातं. या युद्धानंतर हा झेंडा उसना राहिला नाही. त्याखाली माणसं पुरली गेली.

बेंदेरहून नदीवरच्या पुलाने तिरास्पोल. पुलाजवळ शांतिसैनिकांची चौकी आहे. तिचे, सैनिकांचे आणि नाक्याचे फोटो काढायचे नाहीत. फोन तपासून फोटो पुसायला लावतात. तिरास्पोलमध्ये ‘25 ऑक्टोबर’ हा मुख्य रस्ता पायी उरकतो : सर्वोच्च सोव्हिएतसमोर (म्हणजे इथल्या संसदेसमोर) लेनिन, समोरच्या बाजूला टी-34 रणगाडा आणि 1992 च्या मृतांचं स्मारक, पुढे घोड्यावरचा रशियन सेनापती सुवोरोव्ह. सरकारी इमारतींवर शेजारी रशियाचा झेंडाही दिसेल. 2017 मध्ये त्यालाही मान्यता दिली. फक्त तो इथल्या मापाने, एकास दोन असा, म्हणजे मूळ रशियन झेंड्यापेक्षा लांबुळका. दोन्ही एका ओळीत शोभावेत म्हणून असावं.

आता विळ्याखाली समाजवाद शोधू नका. सुपरमार्केट शेरिफ, पेट्रोलपंप शेरिफ, फुटबॉल क्लब शेरिफ. सगळं एकाच खाजगी कंपनीचं. याच क्लबने सप्टेंबर 2021 मध्ये रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानात 2-1 असं हरवलं, तेही मोल्दोव्हाचा विजेता म्हणून. लीग मोल्दोव्हाची खेळायची, झेंडा वेगळा लावायचा. इथे याचं कुणाला नवल वाटत नाही. गाड्यांचंही तेच. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी 2018 पासून ‘तटस्थ’ नंबरप्लेट मिळते, म्हणजे झेंडाच नसलेली.

झेंडा विकत घ्यायचा असेल तर कापड उजेडात धरून बघा. पातळ पॉलिएस्टरवरची छपाई आरपार उमटते, म्हणून स्मरणवस्तूंच्या दुकानातल्या झेंड्यावर विळा मागूनही दिसतो, तोही उलटा. चिन्ह वेगळं शिवून लावलेलं असेल तर मागची बाजू कोरी राहते, तो घ्यावा. घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवा. किशिनावमध्ये तो अंगावर गुंडाळून फिरणं हा मूर्खपणा. पुढे लिथुआनिया, लात्विया किंवा युक्रेनला जाणार असाल तर घेऊच नका. विळा-हातोडा चारचौघांत मिरवण्यावर तिथे कायद्याने बंदी आहे.

पैसे आधीच बदलून घ्या. व्हिसा, मास्टरकार्ड चालेल असं गृहीत धरू नका. इथला रूबल वेगळा, बाहेर त्याला कुणी विचारत नाही. 2014 पासून प्लास्टिकची नाणीही आहेत : एकचं गोल, तीनचं चौकोनी, पाचचं पंचकोनी, दहाचं षटकोनी. हातात घेतली की ल्युडोच्या सोंगट्या वाटतात. एकेक ठेवून घ्या, बाकीच्यांची परतीच्या बसआधी क्विंट या इथल्या ब्रँडीची छोटी बाटली येते. नाक्यावर ते चिटोरं परत घेतात, त्यामुळे फोटो काढायचा तर सकाळीच, बसमध्ये काढून ठेवा.